आपल्या वाट्यापुरती माफी

मराठीत गुपित पोटात ठेवतात आणि चूकही पोटातच घालतात. ‘एवढं पोटात ठेव’ म्हणजे कुणाला सांगू नकोस. ‘एवढं पोटात घाल’ म्हणजे माफ कर. जागा तीच, क्रियापद तेवढं बदलतं. पण त्या एका क्रियापदात घराघरातल्या दोन-तीन पिढ्या अडकून बसलेल्या असतात. पोटात ठेवलेली गोष्ट दुसऱ्या कुणी पाहिलेली नसते. पोटात घालायची गोष्ट मात्र आधी समोर यावी लागते. कुणी केलं, काय केलं, कुणाचं त्यात नुकसान झालं, एवढं तरी कळावं लागतं. या दोघांच्या मध्ये तिसरा वाक्प्रचार हळूच येऊन बसतो, पांघरूण घालणं. पांघरूण घालणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपण माफ केलं. खालची वस्तू तशीच असते, आणि पुढच्या पिढीला रात्रभर काहीतरी टोचत राहतं.

घरातल्या जुन्या गोष्टींबद्दल माझं एक ठाम मत आहे. अशा गोष्टीची माफी कुणा एकाला सगळ्यांच्या वतीने देता येत नाही. ज्याच्या वाट्याला जेवढं दुखणं आलं तेवढंच त्याला माफ करता येतं. आजीवर झालेला अन्याय नात माफ करू शकत नाही. त्या अन्यायामुळे आईच्या बोलण्यात जो कडवटपणा आला आणि तो नातीने लहानपणभर सोसला, तो मात्र ती माफ करू शकते. वाटा कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हे शोधण्यातच बहुतेक वेळ जातो.

मुळात सगळं लपवलेलं म्हणजे गुपित नव्हे. आईला लग्नाआधी कुणी आवडत होतं, ही तिची खासगी बाब. वडील जन्मदाते नाहीत, ही मुलाच्याही आयुष्याची बाब. ओळखायची खूण सोपी आहे: लपवलेल्या गोष्टीवर दुसऱ्या कुणाचे निर्णय, आरोग्य, नाव किंवा हक्क अवलंबून आहेत का? आजोबांनी आत्महत्या केली आणि घरात ‘हृदयविकार’ सांगितलं गेलं, तर नैराश्यासाठी डॉक्टरकडे गेलेला नातू ‘घरात कुणाला असा त्रास होता का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो. वर हृदयाच्या आजाराची नोंद करून येतो ती वेगळीच. कुटुंबोपचार करणाऱ्या एव्हन इंबर-ब्लॅक यांनी गुपितांचे चार प्रकार सांगितले आहेत: आनंदाची, जवळिकीसाठी आवश्यक, विषारी आणि धोकादायक. शेवटच्या दोहोंतला फरक फार महत्त्वाचा. विषारी गुपित सावकाश, विचार करून उघडता येतं. धोकादायक गुपितात आत्ता, याच घरात कुणाच्या तरी जिवाला किंवा शरीराला धोका असतो. घरातला एखादा माणूस मुलांशी वाईट वागलेला आहे आणि आजही त्याच्याजवळ मुलं जातात, हे कळल्यावर माफीचा विषय काढायचाच नाही. आधी मूल त्याच्यापासून दूर, मग पोलीस, डॉक्टर, समुपदेशक. ‘आता म्हातारा झालाय, जाऊ दे’ या वाक्याने किती घरांत दुसरी पिढीही भरडली गेली असेल, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

गुपित पुढच्या पिढीकडे जातं तरी कसं? कुणी सांगितलेलंच नसतं. कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी 2017 साली गुपितांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की दुसऱ्यासमोर गोष्ट लपवावी लागण्याचे प्रसंग तुलनेने कमी येतात. एकटं असताना मन आपोआप त्या गोष्टीकडे जाण्याचे प्रसंग त्याहून पुष्कळ जास्त, आणि माणसाला झिजवतात ते हेच. घरात याचा अर्थ असा की आई मुलासमोर बसलेली असते आणि तिथे नसते. मुलाला गोष्ट कळत नाही, पण हे नसणं कळतं. एखादं नाव निघालं की ताट-वाट्या उचलायची घाई होते. एका वर्षाविषयी विचारलं की उत्तर दुसऱ्याच वर्षाचं येतं. काका-आत्यांची संख्या कधी चार असते, कधी पाच. मूल दोन-तीनदा विचारतं आणि मग विचारायचं थांबतं. त्याला नियम कळलेला असतो. गोष्ट न कळता नियम तेवढा कळणं, हाच वारसा.

नाझी गुन्हेगारांच्या मुलांशी 1980 च्या दशकात जर्मनीत जाऊन बोललेले इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन याला दुहेरी भिंत म्हणत. आईवडिलांनी आपल्या आठवणींभोवती एक भिंत घातलेली असते, मुलांनी आपल्या बाजूने दुसरी. कधी एका बाजूने खिडकी उघडली तरी समोर दिसते ती दुसऱ्याची भिंत. हे चित्र मला अतिशय खरं वाटतं, कारण दोष एकाच बाजूला टाकायची सोय ते काढून घेतं. सत्तरीतले वडील एखाद्या संध्याकाळी आपणहून ‘तेव्हा काय झालं होतं माहीत आहे का’ म्हणून सुरुवात करतात, आणि पन्नाशीतला मुलगा सवयीने ‘राहू द्या बाबा, आता कशाला जुनं उकरून काढायचं’ म्हणतो. खिडकी मिटते. नातवंडं या बाबतीत सुदैवी. त्यांनी भिंत बांधलेली नसते, म्हणून पुष्कळदा प्रश्न तीच विचारतात.

प्रश्नाची सुरुवात अनेकदा एखाद्या वस्तूपासून होते. कृष्णधवल फोटो, बाकावर बसलेली तीन माणसं. उजवी कड कात्रीने कापलेली, पण सरळ नाही. खालच्या बाजूला कात्री जरा बाहेर वळली आहे, कारण बसलेल्या बाईचा खांदा वाचवायचा होता. त्या खांद्यावर चार बोटं राहिली आहेत. हात कापून टाकला, बोटं राहिली. कापणाऱ्याने फोटो फाडून टाकला नाही, जाळला नाही, अल्बममधून काढलाही नाही. एकाच माणसाला काढायचं होतं आणि उरलेल्यांना जपायचं होतं. अशा वस्तूपाशी पहिला प्रश्न ‘हा कोण’ असा विचारू नये. ‘हा फोटो कुठे काढला होता, तेव्हा तुम्ही कुठे राहत होता’ इथून सुरुवात करावी. साध्या प्रश्नांवर माणूस बोलता होतो. थेट प्रश्नाला तो पुन्हा जुन्या नियमाने उत्तर देतो.

साध्या प्रश्नांची उत्तरं मांडायला कुटुंबोपचारात एक चांगलं साधन आहे, जिनोग्राम. वंशावळीपेक्षा ते वेगळं, कारण त्यात नात्यांची अवस्थाही दिसते. त्यामागचा विचार प्रामुख्याने मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचा. 1950 च्या दशकात त्यांनी एकट्या रुग्णाऐवजी अख्खी कुटुंबं रुग्णालयात ठेवून त्यांचं निरीक्षण केलं होतं. मोठा कागद आडवा धरायचा आणि पेन्सिलनेच काढायचं, कारण खोडावं लागणारच. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. वर जन्म-मृत्यूची वर्षं, आत वय; माणूस गेलेला असेल तर आकारात फुली. लग्न म्हणजे दोघांना जोडणारी आडवी रेघ, तिच्याखाली मुलं डावीकडून उजवीकडे, मोठ्यापासून धाकट्याकडे. वेगळे राहत असतील तर लग्नाच्या रेघेवर एक तिरपी रेघ, घटस्फोट असेल तर दोन. दत्तक मुलाला अखंड रेघेच्या शेजारी एक तुटक रेघ. न जन्मलेल्या मुलांसाठी छोटा त्रिकोण. तो विसरू नये, कारण कित्येक घरांतलं न बोललेलं दुःख त्या त्रिकोणातच असतं. मग नात्यांच्या रेघा: फार घट्ट जवळीक असेल तर समांतर रेघा, कलह असेल तर नागमोडी, संबंध तुटला असेल तर मध्येच खंडित. किमान तीन पिढ्या काढायच्या. दोन पिढ्यांत फक्त भांडण दिसतं, तिसरी काढली की त्याचा आकार दिसतो. वडिलांनी धाकट्या भावाशी संबंध तोडले, आजोबांनीही तोडले होते, आणि आता घरातली दोन मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. कारणं तिन्ही वेळा वेगळी, खंडित रेघ मात्र बरोबर त्याच जागी.

यात चुका होतात त्याही सांगायला हव्यात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारखांवरून निष्कर्ष काढणं. लग्न आणि पहिल्या मुलाच्या जन्मात सहाच महिन्यांचं अंतर दिसलं की लोक उडी मारतात. जुन्या नोंदी उशिरा झालेल्या असतात, शाळेत घालताना जन्मतारीख बदललेली असते, लग्नाचं वर्षही आठवणीतून सांगितलेलं असतं. एकाच तारखेचे दोन वेगवेगळे कागद मिळेपर्यंत ती पेन्सिलमध्येच राहू द्यावी. दुसरी चूक एकाच माणसाच्या सांगण्यावर चित्र पुरं करणं. घरात सगळं माहीत असणारी एक व्यक्ती असतेच. तिला खरंच बरंच माहीत असतं, आणि त्यात कुणाला तरी सतत खलनायकही केलेलं असतं. तिसरी, आणि ही अलीकडची: कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणं. ज्यांच्या नावापुढे तुटक रेघ आहे त्यांनीही तो पाहिलेला असतो.

डीएनए चाचण्यांनी गोष्टी आणखी वेगळ्या वळणावर नेल्या आहेत. घरबसल्या लाळेचा नमुना देऊन करायच्या चाचण्या 2007 पासून सामान्य ग्राहकांना मिळू लागल्या, पुढे त्यांतून नातेवाईकही शोधता येऊ लागले, आणि गंमत म्हणून केलेल्या चाचणीतून अनोळखी भावंडं निघू लागली. इथे आकडा नीट वाचता यायला हवा. आई किंवा वडील आणि मूल यांच्यात डीएनएचा निम्मा भाग समान असतो. सख्ख्या भावंडांत सरासरीने तेवढाच, आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेल्या सावत्र भावंडांत सुमारे 25 टक्के, चुलत-मावस भावंडांत सुमारे साडेबारा. पण 25 टक्के म्हणजे सावत्र भाऊच असं नाही. आजी-आजोबा आणि नातवंडं, काका-मामा आणि पुतणे-भाचे यांच्यातही तेवढाच वाटा जुळतो. वय आणि इतर नातलगांशी जुळणी पाहिल्याशिवाय ‘बाबांना दुसरं मूल होतं’ असं जाहीर करणं घातक ठरू शकतं. ते मूल आजी-आजोबांचं असू शकतं, म्हणजे बाबांचा सख्खा भाऊ, ज्याच्याबद्दल बाबांनाही काही माहीत नाही.

आता सांगण्याविषयी. कायद्याने दार उघडलं म्हणून घरातलं दार उघडत नाही. दात्याच्या शुक्राणूंपासून जन्मलेल्या मुलांना मोठेपणी दात्याची ओळख मिळवण्याचा हक्क स्वीडनने 1985 साली दिला. काही वर्षांनी संशोधकांनी पालकांकडे चौकशी केली तेव्हा बहुतेकांनी मुलांना काहीच सांगितलेलं नव्हतं. हक्क होता, पण आपल्याला तो आहे हेच मुलाला ठाऊक नव्हतं. दत्तक असो वा दाता, जाणकारांचा सल्ला एकच असतो: इतक्या लवकर सांगा की पहिल्यांदा कधी कळलं हे मुलाला आठवूच नये. ‘योग्य वेळ’ म्हणून जी वाट पाहिली जाते ती सांगणाऱ्याच्या धैर्याची असते, मुलाच्या वयाची नव्हे.

मोठ्या माणसांना सांगायचं तर आधी ज्याच्या आयुष्याची ती गोष्ट आहे त्याला, एकट्याला. भावंडांना आधी आणि त्याला शेवटी, असं झालं की पुढे गोष्टीपेक्षा ‘सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं’ हेच जास्त खुपतं. लग्न, वाढदिवस, अंत्यसंस्कार हे दिवस टाळावेत. पुढे दर वर्षी तो दिवस दोन गोष्टी घेऊन येतो. प्रवासात गाडी चालवताना सांगू नये, रात्री उशिरा सांगू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भेटता येईल अशी दुपार बरी. सुरुवातीची दोन वाक्यं आधी लिहून काढावीत आणि त्यांत मुख्य गोष्ट यावी. ‘तुला एक सांगायचंय, पण तू आधी शांत राहा’ अशी प्रस्तावना अर्धा तास चालली तर ऐकणारा तेवढ्यात दहा भलत्या शक्यता जगून येतो. ‘तुझ्या जन्माआधी माझं एक लग्न झालं होतं. त्या लग्नातून मला एक मुलगी आहे.’ एवढंच, आणि मग गप्प राहायचं. कारणं विचारल्यावर सांगायची. आणि दुसरी बैठक पहिल्याच दिवशी ठरवून ठेवायची, आठवड्याच्या आत, कारण खरे प्रश्न चार दिवसांनी येतात.

मृत्यूशय्येवर सांगणं मात्र मला पटत नाही. सांगणारा हलका होऊन जातो, ऐकणाऱ्याला एकही प्रश्न विचारता येत नाही, आणि रागावायलाही समोर कुणी उरत नाही. तशीच दुसरी वाईट रीत म्हणजे एकाच मुलाला सांगून त्याला शपथ घालणं. बोवेन यांनी दाखवलेला नात्यांचा त्रिकोण तो हाच: दोघांतला ताण सोसेना की तिसऱ्याला आत ओढायचं. ज्याला सांगितलं तो भावंडांपासून तुटतो, आणि उद्या बिंग फुटलं की खापर त्याच्याच डोक्यावर.

मग माफी. इथे दोन खाती वेगळी ठेवावीत, नाहीतर माणूस वर्षानुवर्षं घुटमळत राहतो. एक खातं मूळ कृत्याचं, दुसरं लपवण्याचं. आजोबांनी पहिल्या बायकोला टाकलं, हे पहिलं खातं. ते तिचं आणि तिच्या मुलाबाळांचं. आजी आणि बाबा चाळीस वर्षं याबद्दल खोटं बोलले, हे दुसरं; ते तुमचं. पुष्कळांना दुसरं माफ करणंच अधिक जड जातं, आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. कृत्य एकदा झालं, खोटं मात्र रोज नव्याने बोललं गेलं.

हंगेरीत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ इव्हान बोझोरमेन्यी-नॉज यांनी तर कुटुंबाकडे पाहायला खतावणीचीच कल्पना वापरली. प्रत्येक घरात देण्याघेण्याची एक अदृश्य वही असते आणि ती पिढ्यान् पिढ्या चालू राहते. ज्याला लहानपणी हक्काचं मिळालं नाही तो ती थकबाकी पुढे ज्यांनी काहीच घेतलेलं नाही अशांकडून, म्हणजे आपल्या मुलांकडून, वसूल करतो, आणि ते त्याला न्याय्यच वाटतं. यावर त्यांनी सुचवलेला मार्ग माफीपेक्षा निराळा आहे. त्याला दोषाची फेरतपासणी म्हणता येईल. माफीत दोष तसाच राहतो, तो दोषी आहे आणि मी सोडून देतो. फेरतपासणीत आपण त्या व्यक्तीच्या वयाच्या बाविसाव्या वर्षी जाऊन उभे राहतो: तेव्हा तिच्या हातात पैसे किती होते, जायला दुसरं घर होतं का, नकार दिला असता तर काय झालं असतं, तिला स्वतःला कुणी काय शिकवलं होतं? कधी या तपासणीत दोष निम्मा होतो. कधी नाही होत. निकाल आधीच ठरवून बसलं की ती तपासणी उरत नाही, पुन्हा पांघरूण होतं.

माफी मागणारा अजून हयात असेल तर ‘मागणं’ नीट व्हायला हवं. आरॉन लाझार या मनोविकारतज्ज्ञाने माफीनाम्याचे चार भाग सांगितले: चुकीची स्पष्ट कबुली, खुलासा, खरा पश्चात्ताप आणि भरपाई. मराठीत पहिल्याच भागाला व्याकरण आडवं येतं. ‘चूक झाली’, ‘त्या काळी तसं घडलं’, ‘राहून गेलं’. चूक होते, घडते, राहते. करणारा वाक्यात कुठेच नसतो. ‘मी केलं’ हे दोन शब्द उच्चारायला कित्येकांना आयुष्य लागतं, आणि ऐकणारा नेमकी त्याचीच वाट पाहत असतो. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ या वाक्यात तर दोष वाईट वाटणाऱ्याकडे जातो. खुलासा आवश्यकच असतो असं नाही. कबुलीआधी आला तर ती सबब ठरते. भरपाई पैशांचीच असते असंही नाही. कधी एक नाव मोठ्याने, सगळ्यांसमोर घेणं हीच भरपाई असते.

माफ करणाऱ्याने घाई करू नये. माफीवर दीर्घकाळ संशोधन केलेले रॉबर्ट एनराइट पहिला टप्पा मानतात तो आपला राग उघड्यावर आणण्याचा, निर्णय त्यानंतर. एव्हरेट वर्दिंग्टन हे दुसरे संशोधक निर्णयाची माफी आणि भावनेची माफी वेगळी मानतात. सूड घेणार नाही, टोमणे मारणार नाही, हे आज ठरवता येतं. पोटातली आग कधी विझेल हे ठरवता येत नाही. पहिली झाली म्हणून दुसरी झालीच पाहिजे असा हट्ट घरचेच धरतात: ‘माफ केलंस ना, मग घरी का येत नाहीस?’ माफी आणि पुन्हा येणं-जाणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली एकट्याची, दुसरीला दोघं लागतात, आणि समोरचा बदललेला असावा लागतो.

माणूस गेलेला असेल तर लिहावं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची पद्धत आजही वापरतात: ओळीने चार दिवस, रोज 15 मिनिटं, न थांबता, शुद्धलेखनाची पर्वा न करता, आणि कुणाला दाखवायचं नाही. दाखवायचं ठरलं की लेखणी सावध होते. चारही दिवस तेच वाक्य तितक्याच त्वेषाने येत राहिलं तर फायदा होत नाही. पेनेबेकर यांच्याच पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की ज्यांना बरं वाटतं त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द वाढतात आणि सर्वनामं हलतात. आज ‘मी’, उद्या ‘ती’, परवा ‘आम्ही’. लिहून झाल्यावर हे तपासून पाहावं. लिहिताना जीव कासावीस व्हायला लागला, झोप उडाली, तर मात्र थांबावं आणि समुपदेशकासमोर बसावं.

आणि तो फोटो. नाव कळलं की ते फोटोच्या मागे लिहावं, पण बॉलपेनने नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईचे डाग शेजारच्या फोटोला लागतात. मऊ शिशाची पेन्सिल घ्यायची, फोटो सपाट ठेवायचा, कडेला हलक्या हाताने लिहायचं: नाव, नातं, ठिकाण, साल. खाली ‘कापला, कुणी ते माहीत नाही’ एवढंही लिहावं. कधी कधी कापलेला तुकडाही सापडतो, कुठल्या तरी वहीत, कुठल्या तरी डब्यात, कारण कापणाऱ्याने तोही टाकलेला नसतो. तो चिकटपट्टीने जोडू नये. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डिंक चेहऱ्यावर पसरतो. दोन्ही तुकडे आम्लविरहित कागदाच्या एकाच लिफाफ्यात ठेवावेत, मध्ये एक पातळ कागद घालून, आणि लिफाफ्यावर पाचही नावं लिहावीत: बाकावरच्या तिघांची, बोटं ज्याची आहेत त्याची, आणि फोटो ज्याने काढला त्याची, कळलं असेल तर.